ट्रक निघालेले आहेत

तिरी १४, गुरुवार

आजपासून रोज लिहायचं, तारखा मात्र आमच्याच महिन्यांच्या. शाळेचं छप्पर तोफगोळ्यानं उडालं तेव्हापासून माझ्या दिवसांना शिस्त राहिलेली नाही. इंग्रजीचा मास्तर आहे मी. निवृत्त झालो म्हणून काय गवत खात बसू? ही वही फक्त माझ्यासाठी. बायकोला दाखवायची नाही. त्यामुळे खोटं लिहायचं काही कारणच नाही.

आज युरोपातलं शिष्टमंडळ आलं. पांढऱ्या गाड्या, लांब अँटेना. मुख्य साहेब मि. ऑस्टरमान. उंच, सज्जन, नाक उन्हानं सोललेलं. त्यांचा दुभाषी सैनिकांनी मागच्या नाक्यावर अडवून ठेवलेला. कुणीतरी म्हणालं, हादगू मास्तरांना बोलवा. मी आधीच कोट घालून बसलो होतो.

अख्खं माय-लोमिन गाव चौकातल्या उंबराखाली जमलं. मि. ऑस्टरमान म्हणाले, इथल्या परिस्थितीबद्दल आम्ही अत्यंत चिंतित आहोत आणि सर्व बाजूंना संयम पाळण्याचं आवाहन करतो. वाक्य उत्तम. व्याकरण निर्दोष. पण हे आमच्या लोकांना जसंच्या तसं सांगणार कसं? आमच्याकडे दुखवट्याच्या घरी येणारा भाकरी घेऊन येतो आणि दारातच सांगतो, हे हे आणलंय. रिकाम्या हातानं यायचं आणि मला वाईट वाटतंय एवढंच म्हणायचं, असा माणूस एक तर वेडा, नाही तर कसला तरी डाव असलेला. पाहुण्याची अशी शोभा मी होऊ देणार नाही. म्हणून मी सांगितलं, साहेब म्हणतात, धान्याचे ट्रक निघालेले आहेत.

अर्थ तोच. चिंता असल्याशिवाय कुणी ट्रक पाठवतं का?

बायकांनी जिभा हलवून असा काही आनंदाचा गजर केला की गाड्यांमधले पहारेकरी खाली उतरले. मि. ऑस्टरमान आधी गोंधळले, मग छातीवर हात ठेवून वाकले. संयमाच्या आवाहनाला इतका प्रतिसाद त्यांना कुठे मिळाला नसावा.

विसरलोच. परवा आमच्या मुलीला, अक्बेरेतला, मुलगा झाला. नाव हागोस ठेवलं. हागोस म्हणजे आनंद. पोराचा पायगुण बघा.

तिरी १५, शुक्रवार

किरोसशी वाद. किरोस म्हणजे जावई. धंद्यानं गवंडी, स्वभावानं शंकेखोर. म्हणतो, मिठाचा व्यापारी गिदेय खेचरं घेऊन तेकेझे नदीपलीकडे सुदानात जातो. आत्ता पाणी घोट्याएवढं आहे. चाळिसाव्या दिवशी बाळाचा बाप्तिस्मा झाला की अक्बेरेतला खेचरावर बसवू आणि सगळेच जाऊ. पलीकडच्या छावणीत निदान रोज शिजवलेलं मिळतं. पाऊस लागला की ती नदी कुणाच्या बापाला ओलांडू देत नाही.

मी म्हटलं, अरे, ट्रक इकडे यायला निघाले आणि तू तिकडे निघालास? ट्रक आले आणि घरात कुणी नसलं तर किती ओशाळवाणं! तो म्हणाला, बाबा, ट्रक ओशाळत नाहीत.

उद्धट. पण अक्बेरेत माझ्या बाजूची. पोराला पाजत होती. म्हणाली, बाबांनी स्वतः ऐकलंय ना, मग थांबू या. शेवटी मुलगी कुणाची. इंग्रजीत कायम पहिली यायची.

तिरी २४, रविवार

ट्रक नाहीत. साहजिक आहे. रस्ता लांबचा. वरच्या नाक्यावर सरकारी सैनिक, खालच्या नाक्यावर त्यांच्याशी लढणारी आपली पोरं, दोघांनाही कागद वाचायची हौस.

आज एक जबरदस्त कल्पना सुचली. मि. ऑस्टरमान म्हणाले होते की महिन्याभरात परत येईन. (हे ते खरंच म्हणाले होते.) तर त्यांना हागोसचा धर्मपिता करायचं! आमच्याकडे धर्मपिता म्हणजे रक्ताच्या नात्याहून वरचा. सख्खा काका टाळाटाळ करेल, धर्मपित्याला ती सोय नाही. पोर उपाशी राहिलं तर त्याला चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरत नाही. म्हणजे एका अख्ख्या देशाचं परराष्ट्र धोरण माझ्या नातवाच्या मनगटाला बांधून टाकायचं. हे आजवर कुठल्या राजदूताला सुचलेलं नाही.

लेतेब्रहानला सांगितलं. लेतेब्रहान म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, आधी चुलीला काटक्या आणा, मग युरोप.

लेकातित ५, गुरुवार

केशी वोल्दू ऐकूनच उडाले. केशी म्हणजे आमच्या चर्चचे पाद्री. म्हणाले, मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का? परक्या पंथाचा माणूस आपल्या पोराचा धर्मपिता? असल्यांना चारशे वर्षांपूर्वी आपण देशातून हाकललं! मी म्हटलं, तेव्हा त्यांच्याकडे ट्रक नव्हते.

बराच वेळ वाटाघाटी. मी लवचिक राहिलो. शेवटी ते वैतागून म्हणाले, चर्चच्या आत धर्मपिता किरोसचा चुलताच राहील, आणि बाहेर झाडाखाली बाळ कुणाच्या हातात द्यायचं तो तुमचा प्रश्न, आता मला जाऊ द्या.

म्हणजे तत्त्वतः मान्यता मिळाली.

लेकातित १०, मंगळवार

मेजवानीचं बघायला हवं. साहेब येणार, त्यांना निदान घरची सुवा बिअर आणि जवाची भाकरी तरी नको का? घरात उरलंय काय, तर कणगीतले बियाण्याचे जव. लेतेब्रहाननं कणगीच्या तोंडाला शेणमातीचं लिंपण केलंय आणि त्यावर ती कोंबडी अंड्यावर बसावी तशी बसून असते.

मी मुद्दा मांडला. ती म्हणाली, अहो मास्तर, हे बी आहे, बी! हे खाल्लं तर पावसाळ्यात काय इंग्रजी पेरणार? मी शांतपणे सांगितलं की ट्रकमध्ये बियाणंही असणार. तिनं विचारलं, कोण म्हणालं? म्हटलं, साहेब. तिनं विचारलं, तुमच्या कानानं ऐकलंत? म्हटलं, माझ्याच तोंडून सगळ्या गावानं ऐकलं.

मग लिंपण तिनं स्वतः फोडलं. मला हात लावू दिला नाही.

लेकातित ११, बुधवार

शेजारची ब्रिकती आली. तिचं कॉफीचं दुकान होतं. आता कॉफी संपली, दुकान उरलंय, तिथं ती भाजलेल्या हरभऱ्याचं पाणी विकते आणि आम्ही त्याला कॉफी म्हणतो. म्हणाली, मास्तर, तुम्ही बी काढलंत म्हणे, मग मी पण काढू का? पोरं रडतात हो. मी म्हटलं, खुशाल काढ.

दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीत जव भाजल्याचा वास. कितीतरी महिन्यांनी गल्लीत कुणीतरी मोठ्यानं हसलं. याचं श्रेय खरं तर मला. कुणी बोलून दाखवलं नाही, ते सोडा.

लेकातित १७, मंगळवार

मोठा उपवास कालपासून सुरू. ईस्टरपर्यंत दूध, लोणी, मांस बंद. या वर्षी पाळायला फारच सोपा जातोय.

लेकातित २२, रविवार

विजयाचा दिवस! सविस्तर लिहितो.

मि. ऑस्टरमान आले. बाप्तिस्मा आत झाला, पोर पाण्यात किंचाळलं, चुलत्यानं धरलं. मी बाहेर साहेबांना थोपवून उभा. पोर बाहेर आणल्याबरोबर त्यांच्या हातात ठेवलं आणि इंग्रजीत म्हटलं, सर, सन्माननीय पाहुण्यानं बाळ हातात घ्यायची आमची प्रथा आहे. धर्मपिता वगैरे तपशिलात शिरलो नाही. मोठ्या करारात तपशील नंतर ठरतात. आमच्या लोकांना मात्र मी स्पष्ट सांगितलं, साहेबांनी पत्करलं! पुन्हा तोच गजर. साहेब खूश. त्यांच्या माणसानं फोटो काढले. मी शेजारीच होतो.

साहेबांनी धर्मपुत्राला भेट दिली: निळी टोपी, समोर त्यांच्या देशाचं चिन्ह. पोराचं अख्खं डोकं, मान आणि एक खांदा आत जातो. वाढत्या अंगाची आहे.

मग ब्रिकतीकडे कॉफी. आमच्याकडे कॉफीचे तीन कप. तिसरा आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय पाहुणा उठत नाही. साहेबांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, तुमच्या जगप्रसिद्ध कॉफीबद्दल ऐकून होतो, खरंच वेगळी चव आहे. हरभऱ्याला एवढा मान कुणी दिला नसेल. पण पहिला कप संपता संपता त्यांचे पहारेकरी घड्याळ दाखवू लागले आणि ते उठले. निघताना माझा हात धरून म्हणाले, मि. हादगू, आम्ही तुम्हाला विसरणार नाही.

किरोस गाड्यांची धूळ झटकत म्हणाला, जो तिसऱ्या कपाला थांबत नाही तो गहू काय आणणार. मी म्हटलं, अरे, तो ट्रक हलवायलाच घाईनं गेला! अक्बेरेत हसली. ती हसली की मला बळ येतं.

लेकातित २४, मंगळवार

गिदेय खेचरं घेऊन गेला. ब्रिकतीची बहीण, चर्चमागचे दोघे भाऊ, असे बरेच जण त्याच्याबरोबर गेले. अविश्वासू लोक. किरोसनं गाठोडं बांधलं होतं. अक्बेरेतनं ते सोडलं. म्हणाली, धर्मपिता केल्यावर पोराला घेऊन पळून गेलो तर ते बरं दिसेल का, बाबा खोटे पडतील. किरोस दिवसभर कुंपणाची भिंत रचत आणि पाडत बसला.

अक्बेरेतचं बोलणं ऐकून मला अभिमान वाटला. अंमळ धडधडलंही. उपाशीपोटी होतं तसं.

मेगाबित ८, मंगळवार

ट्रक नाहीत. रेडिओच्या बॅटऱ्या दोन दिवस छपरावर उन्हात ठेवल्या, तेव्हा जरासा आवाज आला. परदेशी बातम्यांत म्हणाले, साहेबांच्या देशानं आमच्या भागाबद्दल चिंता व्यक्त केली. आमच्या भागाचं नाव रेडिओवर! ब्रिकतीच्या दुकानात जाऊन जाहीर केलं. ती म्हणाली, चिंता किती पोती?

मेगाबित २७, रविवार

आज गंभीर चिंता व्यक्त केली. म्हणजे प्रगती आहे. चिंतेवरून गंभीर चिंतेवर यायला त्यांना तीन आठवडेही लागले नाहीत. तहाची बैठक कुठल्याशा तळ्याकाठच्या हॉटेलात चालू आहे. दोन्ही बाजूंचे लोक तिथं जेवतात एका टेबलावर आणि भांडतात वेगळ्या खोल्यांत, असं ऐकतो. आपल्या बाजूचाही एक जण आहे तिथं, गावाकडचाच. म्हणे जाडजूड झालाय.

लेतेब्रहाननं निळ्या टोपीनं भांडं उतरवायला सुरुवात केली आहे. मी हरकत घेतली. ती म्हणाली, भांड्यात काही असतं तर चटका बसला असता, आता नुसती सवय म्हणून वापरते.

मियाझ्या ११, रविवार

ईस्टर. उपवास सोडायचा दिवस. सकाळी सगळे एकमेकांकडे बघत बसलो, कारण सोडायचा कशावर? ब्रिकतीनं उकडलेला रानपाला पाठवला. अक्बेरेतनं तिचा वाटा मला दिला. मी घेतला. नाही म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं.

एक मुद्दा सुचला. युरोपचं कॅलेंडर आमच्यापेक्षा सात-आठ वर्षं पुढे आहे. त्यांच्या हिशेबानं मदत येऊन गेलेलीही असू शकेल! किरोसला विनोद म्हणून सांगितलं. तो हसला नाही. हल्ली कुणालाच विनोदबुद्धी राहिलेली नाही.

गिनबोत ९, रविवार

आनंदाची बातमी. नाक्यावरून आलेल्या एका ड्रायव्हरनं मि. ऑस्टरमानच्या कार्यालयाची रंगीत पुस्तिका आणली. मुखपृष्ठावर हागोस! साहेबांच्या हातात, तोंड उघडं, मागे चर्चची भिंत. डावीकडच्या कडेला एक कोपर आहे. ते माझं. कोटाच्या शिवणीवरून अक्बेरेतनंही ओळखलं. कोपर फार चांगलं आलंय.

खाली लिहिलंय, स्थानिक बालकासमवेत. नाव दिलेलं नाही. सुरक्षेचं कारण असणार. धर्मपिता हा शब्दही नाही. तोही सुरक्षेसाठीच. आत आकडे आहेत, गहू किती, तेल किती. मी अक्बेरेतला मोठ्यानं वाचून दाखवत होतो, तर तिनं पुस्तिका हातातून घेतली आणि म्हणाली, बाबा, ही क्रियापदं बघा, सगळी भविष्यकाळातली आहेत. मी म्हटलं, शिष्टाचार असतो.

इंग्रजी शिकवून चूक केली की काय असं वाटून गेलं.

सेने ४, गुरुवार

पाऊस आला. उत्तम पाऊस, वेळेवर. जमिनी भिजल्या आणि अख्खी गल्ली दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. पेरायला कुणाकडेच काही नाही.

ब्रिकती रस्त्यातच उभी राहून म्हणाली, काय हो मास्तर, ट्रकमध्ये बी होतं ना? कुठे उगवतंय ते? लोक ऐकत होते. मी म्हटलं, परवानगीसाठी अडलंय. ती म्हणाली, परवानगी तर मी तुम्हाला विचारली होती, तुम्ही बरी चटकन दिलीत!

मनाला लागलं. याच बाईच्या पोरांना तेव्हा पोटभर मिळालं ते माझ्यामुळे. घरचेदारचे सगळे उलटले. एक मि. ऑस्टरमान तेवढे उरले.

सेने २५, गुरुवार

अक्बेरेतला दूध येत नाही. हागोस रडत नाही, नुसता बघतो. रडत होता ते परवडलं. केशी वोल्दू दोनदा येऊन पोरासाठी प्रार्थना करून गेले.

किरोस म्हणतो, गिदेय अजून एक खेप करतोय, ही शेवटची. नदीला पाणी चढलंय, पण वरच्या अंगाला दोर बांधलाय म्हणे. मी म्हटलं, दोराच्या भरवशावर तान्हं पोर नेणार? तो म्हणाला, तुमच्या भरवशावर ठेवून बघितलं की!

निश्चय: मि. ऑस्टरमान आले की त्यांना सरळ विचारायचं. आडपडदा नाही. धर्मपिता म्हणून त्यांचं कर्तव्य काय ते मी इंग्रजीत खडसावून सांगणार. वाक्यं तयार करायला घेतली आहेत. रेडिओवर आज अत्यंत गंभीर चिंता होती. याच्या वर आता शब्दच नाही, म्हणजे कृतीच उरली.

हामले ६, सोमवार

शिष्टमंडळ आलं.

मी कोट घातला. दोन माणसं मावतील इतका सैल झालाय. पुढे गेलो तर मि. ऑस्टरमान नाहीत. त्यांच्या जागी मि. वेलिंग, तरुण, सोललेलं नाक नाही. त्यांनी स्वतःची दुभाषी आणलेली. राजधानीतली एक मध्यमवयीन बाई, चष्मेवाली. मी सांगितलं की हे काम माझ्याकडे असतं. ती नम्रपणे म्हणाली, आज तुम्ही बसा, आजोबा.

आजोबा!

उंबराखाली बसलो. अर्धं गाव उरलंय. मि. वेलिंग उभे राहिले आणि म्हणाले, इथल्या परिस्थितीबद्दल आम्ही अत्यंत चिंतित आहोत आणि सर्व बाजूंना संयम पाळण्याचं आवाहन करतो. बाईनं आमच्या भाषेत सांगितलं, शब्दाला शब्द. परिस्थितीबद्दल चिंतित. संयम पाळा.

कुणी गजर केला नाही. लोक वाट बघत राहिले. ब्रिकती म्हणाली, हं, आता पुढचं सांगा की बाई. बाई म्हणाली, एवढंच म्हणाले ते. ब्रिकती म्हणाली, असं कसं, ट्रकचं काय? बाईनं विचारलं. मि. वेलिंगनी मागच्या माणसाशी कुजबूज केली. मग बाईनं सांगितलं, साहेब म्हणतात, या गावासाठी ट्रक कधी मंजूरच झाले नव्हते आणि तसं वचन आमच्याकडून कधी दिलं गेलेलं नाही. काही गैरसमज झाला असल्यास खेद आहे.

अक्बेरेत उभी राहिली. मी तिला खुणेनं बस म्हणत होतो. तिनं हागोसला दोन्ही हातांत पुढे धरलं आणि म्हणाली, ऑस्टरमान साहेब या पोराचे धर्मपिता आहेत, त्यांना सांगा पोर उपाशी आहे. मि. वेलिंगना ते समजायला वेळ लागला. मग फार हळुवार आवाजात म्हणाले, मि. ऑस्टरमान यांची बदली झाली, दुसऱ्या खंडात, समुद्रकिनारी. ते कुणाचे धर्मपिता असल्याचं आम्हाला माहीत नाही. पण तुमचा नमस्कार नक्की कळवतो.

तेव्हा अक्बेरेत माझ्याकडे वळली. सगळं गाव वळलं. ती म्हणाली, बाबा, पहिल्या दिवशी ऑस्टरमान साहेब इथं उभे राहून काय म्हणाले होते? त्यांच्या शब्दांत सांगा. तुमच्या नको.

मी घसा साफ केला. खडसावायची माझी सगळी वाक्यं तयार होती, ती या प्रश्नासाठी नव्हती. म्हटलं, हेच. आत्ता यांनी सांगितलं तेच.

तिनं विचारलं, आणि ट्रक?

मी म्हटलं, अर्थ तोच होता गं.

ब्रिकती मटकन खाली बसली. लेतेब्रहाननं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला. किरोसनं पुढे होऊन पोराला अक्बेरेतच्या हातांतून घेतलं आणि घराकडे चालू लागला.

हामले ७, मंगळवार

मला दगा दिला. सरळ लिहितो, दगा दिला. घरी आलात, आमचं बी खाल्लंत, पोर हातात घेतलंत, फोटो काढलात, विसरणार नाही म्हणालात. हे तर मी भाषांतरलेलं नाही ना? हे तुम्ही तुमच्या तोंडानं, तुमच्या भाषेत म्हणालात, मि. ऑस्टरमान. आणि आता समुद्रकिनारी!

अक्बेरेतला हेच सांगायला गेलो की बघ, त्यानं मला फसवलं. ती गाठोडं बांधत होती. मान वर न करता म्हणाली, तुम्हाला त्यानं फसवलं बाबा, पण आम्हाला कुणी?



हामले ९, गुरुवार

सकाळी गिदेय खेचरं घेऊन आला. अक्बेरेत खेचरावर बसली, पोर पोटाशी बांधलेलं. लेतेब्रहाननंही काठी घेतली. मी म्हटलं, तू कुठे निघालीस? ती म्हणाली, पोरीला त्या पाण्यात एकटीला सोडू? इतक्या वर्षांचा संसार, आणि एवढंच बोलून ती दाराबाहेर पडली.

मीही कोट चढवला. जोडे घातले. नदीचं मला भय नाही, असं म्हणत किरोसच्या मागे जाऊन उभा राहिलो. मोजकंच सामान घेतलं होतं.

किरोसनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. पोरगा कधी उलट बोलायचा तेव्हा राग यायचा. आज अगदी अदबीनं बोलला. म्हणाला, बाबा, तुम्ही इथंच थांबा. ट्रक आले तर घ्यायला कुणीतरी हवं ना.

मी अक्बेरेतकडे बघितलं. वाटलं, ती म्हणेल, असं काय बोलतोस, बाबांना घे. निघताना आमच्याकडे मुली बापाच्या खांद्याचं चुंबन घेतात, तेवढ्यासाठी मी थोडा पुढेही झालो. ती पुढचा रस्ता बघत होती.

हामले १२, रविवार

ब्रिकती म्हणते, नदीला फार पाणी आहे. अलीकडे थांबलेत की पलीकडे गेलेत, कुणाला ठाऊक नाही.

सकाळपासून रस्त्याकडे तोंड करून बसलोय. काही आलं नाही.